भरलेल्या गाडीचे आकडे दाराला लावा : पिकअप बनवणाऱ्या कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
पिकअप आणि छोट्या मालवाहू गाड्या बनवणाऱ्या सर्व कंपन्यांचे अभियंते, विक्री विभाग आणि सर्व्हिस विभाग

विषय : टायरची हवा, मागचा ब्रेक आणि ॲव्हरेज यांचे भरलेल्या गाडीचे आकडे गाडीवरच मराठीत देण्याबाबत

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

आळेफाट्याच्या पट्ट्यातून टोमॅटो, काकडी, फ्लॉवर भरून माळशेज घाटाने वाशीच्या बाजाराला जाणाऱ्या एका पिकअपचा मी मालक आहे, आणि ती चालवतोही मीच. संध्याकाळी आळेफाट्याच्या चौकात उभं राहिलं तर पिकअपची रांग संपत नाही. भाजी, कांदा, दुधाचे कॅन, मंडपाचं सामान, शेळ्या-मेंढ्या, सगळं याच गाड्यांतून हलतं. तुम्ही बनवलेल्या गाड्यांवर आमच्या भागातल्या हजारो घरांची चूल पेटते, म्हणून हे पत्र तुम्हालाच लिहितोय.

गाड्या दणकट आहेत. इंजिन, चेसी, गिअरबॉक्स याबद्दल माझी तक्रार नाही. माझं म्हणणं एका गोष्टीपुरतं आहे. पिकअप कुणी रिकामी फिरवायला घेत नाही, ती माल भरायलाच घेतात. पण गाडी घेताना आणि नंतर वापरताना जे आकडे आमच्या हातात पडतात ते एक तर रिकाम्या गाडीचे असतात, नाहीतर कोणत्या परिस्थितीतले आहेत तेच कळत नाही. टायरमध्ये हवा किती, ब्रेक लागायला अंतर किती, लिटरमागे किलोमीटर किती, या तिन्ही गोष्टी वजन चढलं की बदलतात. बदललेले आकडे तुमच्या फायलीत असणार. ते आम्हाला द्या, गाडीच्या दारावर द्या आणि आम्हाला वाचता येतील असे द्या.

हे वाचताच तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल, तुम्ही लोक पासिंगपेक्षा, म्हणजे कागदावर मंजूर असलेल्या वजनापेक्षा, जास्त भरता आणि मग टायर-ब्रेकच्या नावाने ओरडता. तो मुद्दा आधी घेतो. टोमॅटोचा एक क्रेट म्हणजे वीस किलो माल आणि क्रेटचं स्वतःचं दीड-दोन किलो. म्हणजे १३०० किलो पासिंगच्या गाडीत साधारण ५९ क्रेट बसले की वजन पूर्ण होतं, १७०० किलोच्या गाडीत ७७. बाजारात त्याच गाड्यांत शंभराच्या वर क्रेट रचलेले दिसतात हे खरं आहे. भाडं क्रेटमागे ठरतं, त्यामुळे जो पासिंगप्रमाणे भरतो त्याला त्याच डिझेलमध्ये कमी पैसे मिळतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा वजनाला वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा दंड आहे, तरी क्रेट चढतातच. हा प्रश्न बाजार समित्यांचा, आडत्यांचा, आरटीओचा आणि आम्हा मालकांचा आहे. तुम्ही तो सोडवावा असं मी म्हणत नाही. मी माझी गाडी पासिंगप्रमाणेच भरतो. आणि अशी नियमात भरलेली गाडी नीट कशी चालवायची हेही तुम्ही कुठे लिहून ठेवलेलं नाही, हे माझं गाऱ्हाणं आहे.

एक मात्र तुमच्या हातात आहे. पासिंग किलोत लिहिता तसंच क्रेटमध्ये आणि गोणीतही लिहा. हौद्याच्या फळकुटावर आतल्या बाजूला ‘टोमॅटो क्रेट इतके, कांद्याची पन्नास किलोची गोणी इतकी’ असं रंगवलेलं असेल तर गाडी भरताना हमालालाही ते दिसेल आणि शेतकऱ्यालाही. किलोचा हिशोब शेताच्या बांधावर कुणी करत नाही.

आता टायर.

हवा भरायला पंपावर गाडी लावली की पोरगा विचारतो, किती टाकू? कुणी सांगतं पुढे पस्तीस, मागे पन्नास. दुसरा सांगतो मागे पासष्ट. तिसरा चारही टायर सारखे करून मोकळा होतो. पुस्तिकेत आकडा असतो, पण पुस्तिका इंग्रजीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, घरच्या कपाटात. जुनी गाडी घेतलेल्याला तर ती कधी बघायलाही मिळत नाही. रिकाम्या क्रेटसकट परत येताना मागच्या टायरवर जे वजन असतं त्याच्या कितीतरी पट वजन जाताना असतं. दोन्ही वेळा एकच हवा चालणार नाही, हे कळायला अभियंता असावं लागत नाही. पण मग किती, हे सांगायला मात्र अभियंताच लागतो.

हवा कमी असली की टायरच्या दोन्ही कडा खाल्ल्या जातात, बाजू सारखी दुमडत राहते, टायर आतून तापतो आणि उन्हाळ्यात मुरबाडच्या पुढे कुठेतरी फुटतो. हवा जास्त असली की मधला पट्टा गुळगुळीत होतो आणि रिकामी गाडी पावसात मागून उडते, सरकते. एकाच बाजूची कड खाल्ली जात असेल तर अलाइनमेंट बघायचं. हे सगळं आम्ही टायर झिजल्यावर, पैसे गेल्यावर शिकतो.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती रोज डोळ्यांसमोर घडते. सकाळी गार असताना टायरमध्ये ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरली आणि भर उन्हात माल घेऊन पळताना आतली हवा तीस अंशांनी तापली, तर तोच काटा ६७ दाखवतो. हे व्हायचंच, टायर बनवणाऱ्याने ते धरलेलं असतं. पण रस्त्यात कुणी काटा लावून बघतो, ‘हवा जास्त झालीय’ म्हणतो आणि सात पीएसआय काढून टाकतो. रात्री गार झालेला टायर मग कमी हवेवर पूर्ण वजन घेऊन घाट उतरतो. ‘हवा गार टायरमध्येच मोजा, गरम टायरमधली हवा काढू नका’ ही एक ओळ दारावर मराठीत असती तर किती टायर वाचले असते.

टायर बदलतानाचा घोळ तर वेगळाच आहे. २१५/७५ आर १५ हे माप माणसं नेणाऱ्या जीपवजा गाडीलाही येतं आणि पिकअपलाही. दुकानात दोन्ही टायर शेजारी शेजारी ठेवलेले असतात, रिममध्ये दोन्ही बसतात आणि गाडीवर चढवल्यावर दिसतातही सारखेच. फरक बाजूवर कोरलेल्या छोट्या आकड्यात असतो. लोड इंडेक्स १०० असेल तर तो टायर ८०० किलो पेलतो, ११२ असेल तर ११२० किलो. म्हणजे मागच्या एक्सलवर दोन टायर मिळून एकीकडे १६०० किलो आणि दुसरीकडे २२४०. मालवाहू टायरवर ‘११२/११०’ असे दोन आकडे असतात. पहिला एकेकट्या टायरसाठी, दुसरा जोडटायरसाठी. किती मालकांना हे माहीत आहे? दुकानदार स्वस्तातला दाखवतो, मालक माप जुळलं म्हणून घेतो, आणि पासिंगमध्ये भरलेली गाडीसुद्धा टायरच्या हिशोबाने ओव्हरलोड होते. टायरचं माप तुम्ही गाडीच्या कागदात देताच. त्याच्या शेजारी ‘मागच्या चाकाला लोड इंडेक्स कमीत कमी इतका’ हे ठळक द्या. जमलं तर टायर कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या साली बनला ते सांगणारे शेवटचे चार आकडे कसे वाचायचे तेही छापा, म्हणजे वर्षानुवर्षं गोदामात पडून कडक झालेला टायर कुणी नवा म्हणून गळ्यात मारणार नाही.

सरकारने २०२२ साली कार, हलक्या मालवाहू आणि जड अशा तिन्ही गटांतल्या टायरांसाठी रस्त्यावरचा विरोध, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज यांच्या मर्यादा घालून दिल्या. ते चांगलं झालं. पण ते टायर गाडीला लागल्यानंतर त्यांचा उपयोग योग्य हवेवर अवलंबून आहे, आणि हवेचा आकडा द्यायचं काम तुमचं आहे.

ब्रेकबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचं आहे, कारण टायर फुटला तर नुकसान होतं आणि ब्रेक गेला तर माणसं जातात.

बऱ्याच पिकअपना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. गाडीच्या खाली शिरून मागच्या हाउसिंगच्या, म्हणजे मागच्या एक्सलच्या कवचाच्या, वर बघितलं तर चेसीला एक छोटा व्हॉल्व्ह बसवलेला दिसतो आणि त्यातून एक दांडी स्प्रिंगसकट खाली हाउसिंगपर्यंत आलेली असते. चिखलाने ती इतकी माखलेली असते की बऱ्याच जणांना ती दांडी आहे हेच माहीत नसतं. काम फार महत्त्वाचं आहे. रिकाम्या पिकअपची मागची बाजू हलकी असते. जोरात ब्रेक मारला की वजन पुढे जातं, मागची चाकं जाम होतात आणि शेपूट फिरतं. म्हणून रिकामी असताना हा व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला ब्रेक ऑइलचा दाब कमी पाठवतो. माल भरला की पाटे, म्हणजे मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, दबतात, हौदा हाउसिंगच्या जवळ येतो, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागे जास्त दाब सोडतो. वजन किती आहे हे त्या व्हॉल्व्हला फक्त पाटे किती दबले यावरून कळतं. एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या नव्या गाड्यांत बहुधा हेच काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होतं, पण रस्त्यावर धावणाऱ्या असंख्य पिकअपमध्ये अजून ही दांडीच आहे.

आता आमच्याकडे काय होतं बघा. गाडी घेतली की पहिल्या महिन्यात बरेच जण पाटेवाल्याकडे जाऊन दोन्ही बाजूंना एकेक-दोनदोन पाटे वाढवून घेतात. गाडी मागे बसू नये, वळणावर डोलू नये म्हणून. त्यानंतर पूर्ण माल भरला तरी मागची बाजू पूर्वीइतकी खाली येत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे. तो मागच्या ब्रेकला कमी दाब देत राहतो. सगळा भार पुढच्या डिस्कवर येतो. पॅड लवकर संपतात, डिस्क तापून निळी पडते, पेडल मारूनही गाडी थांबायला जास्त अंतर घेते, आणि मालक म्हणतो कंपनीने ब्रेकच कमजोर दिलाय. जुन्या गाडीत उलटं होतं. पाटे थकून बसलेले असतात, रिकामी गाडीही भरल्यासारखी खाली असते, व्हॉल्व्ह मागे पूर्ण दाब सोडतो आणि पहिल्या पावसात मोकळी गाडी ब्रेक मारताच आडवी होते. दांडी तुटली तर ती तारेने बांधून टाकणारे मेकॅनिकही मी बघितलेत. त्यांना दोष कसा देऊ? त्यांना कुणी शिकवलेलंच नाही.

माझ्या गाडीचा एक मुख्य पाटा तुटला तेव्हा मी तो बदलून घेतला आणि मुद्दाम एका अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाऊन व्हॉल्व्ह सेट करून मागितला. जॉबकार्डवर ‘ब्रेक चेक’ एवढंच लिहिलं गेलं आणि पुढची पॅड बदलून गाडी हातात आली. व्हॉल्व्हच्या दांडीवरचा चिखल तसाच होता. मी पुन्हा विचारलं तर सांगितलं, ते कंपनीतून सेट होऊन येतं. ते बरोबर आहे, पण कंपनीतून आलेल्या पाट्यांसाठी! पाटा बदलला की ते माप पुन्हा बसवावंच लागतं, हे तुमच्या सर्व्हिसच्या पुस्तकात असणार; त्या माणसापर्यंत ते पोचलेलं नव्हतं. शेवटी नारायणगावच्या एका जुन्या मिस्त्रींनी गाडी सपाट जागेवर घेऊन, दांडीची लांबी पट्टीने मोजून, शेजारच्या तशाच नव्या गाडीशी ताडून ते काम केलं. त्या दिवसापासून भरलेली गाडी थांबताना मागूनही धरते हे पायाला कळतं.

माझी विनंती अशी. त्या व्हॉल्व्हवर चिखलात न बुजणारी एक पिवळी खूण द्या आणि शेजारी लिहा : पाटे बदलले किंवा वाढवले तर हा व्हॉल्व्ह पुन्हा सेट करा. माप किती ते दारावर द्या. पाटेवाल्यांची, गॅरेजवाल्यांची तालुक्याच्या ठिकाणी एक दिवसाची शिबिरं घ्या. ज्याला घाटात किंवा कच्च्या रस्त्यावर चालायचं आहे त्याला जास्त पाट्यांची जोडी तुम्हीच अधिकृतपणे द्या, तिच्यासाठीच्या व्हॉल्व्हच्या मापासकट. लोक पाटे वाढवणारच आहेत. ते अंदाजाने वाढवण्यापेक्षा तुमच्या हिशोबाने वाढवू द्या.

आता घाट. राष्ट्रीय महामार्ग ६१ वरून खुबी फाटा मागे टाकला की थोड्या वेळात माळशेज सुरू होतो आणि खाली वैशाखरे, टोकावडे येईपर्यंत उतार सुटत नाही. आमचा माल नेमका या उतारावर भरलेला असतो आणि वेळ बहुतेक रात्रीची. पावसाळ्यात समोरच्या गाडीचा लाल दिवा दिसेनासा होईल असं धुकं. तीन टनांची गाडी पाचशे मीटर खाली उतरली तर चार युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी खर्च व्हावी लागते. ती अर्ध्या तासाच्या आत इंजिन, वारा आणि ब्रेक यांनी मिळून पचवायची असते. इंजिनाने वाटा उचलला नाही तर सगळी उष्णता डिस्क-ड्रममध्ये जाते, तिथून ब्रेक ऑइलमध्ये. डॉट ३ ब्रेक ऑइल नवं असताना २०५ अंशांच्या पुढे उकळतं, पण हवेतली ओल शोषून जुनं झालं की १४० अंशांनाच उकळू शकतं. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, पेडल मऊ पडतं आणि पायाखाली जमिनीपर्यंत जातं. लोक म्हणतात ब्रेक फेल झाला. बिघाड त्या रात्रीचा नसतो. दोन-तीन पावसाळे ऑइल बदललेलं नसतं आणि घाट न्यूट्रलमध्ये उतरवलेला असतो.

न्यूट्रलची सवय हा आमच्या ड्रायव्हर मंडळींचा जुना रोग आहे आणि त्याचं मूळ डिझेलमध्ये आहे. उतारावर गाडी न्यूट्रल केली, काही जण तर इंजिनच बंद करतात, की डिझेल वाचतं असा पक्का समज आहे. आताच्या कॉमन रेल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने डिझेल सोडणाऱ्या, इंजिनात तो समज खोटा आहे. गाडी गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंजिन डिझेल घेणंच थांबवतं, चाकंच त्याला फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून थोडं डिझेल जात राहतं. म्हणजे न्यूट्रल करणारा डिझेलही जाळतो आणि ब्रेकही. इंजिन बंद केलं तर त्याहून वाईट. पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम इंजिन तयार करतं. बंद इंजिनावर दोन-तीन वेळा पेडल दाबलं की मदत संपते, पेडल दगड होतं आणि पॉवर स्टिअरिंगही जड होतं. आमचे जुने ट्रकवाले सांगायचे, ज्या गिअरने घाट चढला असता त्याच गिअरने उतर. ही एक गोष्ट तुमच्या विक्री करणाऱ्या माणसाने गाडीची चावी देताना प्रत्येकाला तोंडाने सांगावी. हार घालून फोटो काढायला वेळ असतो, पाच मिनिटं यालाही द्यावीत.

आणि भरलेली गाडी ताशी ६० ने जात असताना किती मीटरमध्ये थांबते हे छापा. गाडीला सरकारी मान्यता घेताना ब्रेकची चाचणी पूर्ण वजन भरूनही होते, त्यामुळे माहिती तुमच्याकडे आहेच. ताशी ४० आणि ६० चे आकडे शेजारी शेजारी दिले तर ते बघूनच पाय हलका होईल, कारण वेग दीडपट झाला की गाडीतली ऊर्जा सव्वादोनपट होते. पोराबाळांसकट पुढे चाललेल्या मोटरसायकलीच्या मागे किती अंतर ठेवायचं, याचा अंदाज ड्रायव्हरला मग नशिबावर सोडावा लागणार नाही.

राहता राहिलं ॲव्हरेज. गाडी विकताना जो आकडा सांगितला जातो तो ऐकूनच माणूस हप्त्याचा हिशोब मांडतो. मान्यतेच्या चाचणीत गाडी प्रयोगशाळेत रोलरवर चालवतात, सुमारे वीस मिनिटं, ठरलेल्या वेगाच्या तक्त्याप्रमाणे. त्यात चढ नसतो, कल्याणच्या पुलावरची कोंडी नसते, वाशीच्या गेटवर इंजिन चालू ठेवून सरकणारी रांग नसते. चाचणी सगळ्या गाड्यांना सारखी असावी म्हणून ती तशी असते, हे मला समजतं. पण तोच आकडा ‘तुम्हाला एवढं ॲव्हरेज मिळेल’ म्हणून सांगणं बरोबर नाही. डिझेल नव्वदीच्या घरात आहे. आमची वाशीची खेप जाऊन-येऊन तीनशे किलोमीटरच्या वर जाते. तीनशेच धरले तरी लिटरला १५ च्या हिशोबाने वीस लिटर, अठराशे रुपये. प्रत्यक्षात ११ मिळाले तर सव्वासत्तावीस लिटर, साडेचोवीसशे रुपये. एका खेपेला साडेसहाशेचा फरक. नव्या मालकाची पहिली दोन वर्षं या फरकात जातात, आणि तो भरून काढायला तो क्रेट वाढवतो. म्हणजे फुगवलेलं ॲव्हरेज शेवटी टायर आणि ब्रेकवरच येऊन पडतं.

आमच्या वाटेवर एक गंमत आहे जी बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. आम्ही भरलेली गाडी घाट उतरवतो आणि रिकामी चढवतो, म्हणून आमचं ॲव्हरेज त्यातल्या त्यात बरं येतं. त्याच रस्त्याने कल्याणहून सिमेंट किंवा लोखंड भरून वर येणाऱ्या तशाच गाडीला ते मिळणार नाही. कसाऱ्याने नाशिकची द्राक्षं उतरवणारा आणि कोकणातून चिरा भरून आंबा घाट चढणारा, दोघांची गाडी एक, पासिंग एक, पण डिझेलचा खर्च वेगळा. म्हणून मला एक आकडा नको आहे. रिकामी सपाट रस्त्यावर, पूर्ण भरलेली सपाट रस्त्यावर आणि पूर्ण भरलेली चढावर, असे तीन द्या. खरे द्या, कमी आले तरी चालतील. भाडं ठरवताना आम्हाला त्यावर बोट ठेवता येईल आणि व्यापाऱ्यालाही दाखवता येईल.

धुराचे बीएस-६ नियम आल्यापासून, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या ज्या गाड्यांना धुराचा फिल्टर आहे, त्यांत काजळी जाळण्यासाठी गाडी अधूनमधून जादा डिझेल घेते. गावातल्या गावात छोट्या फेऱ्या मारणाऱ्याला हा त्रास जास्त होतो, लांब पल्ल्याच्या गाडीला कमी. गाडी विकताना गिऱ्हाईकाचं काम काय आहे हे विचारून एवढं सांगितलं तरी पुष्कळ होईल.

हे सगळं एका तळहाताएवढ्या पत्र्यावर मावतं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर, आतल्या बाजूला, पाण्याने आणि घासण्याने न जाणाऱ्या अक्षरांत : पुढची-मागची हवा रिकाम्या, अर्ध्या आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी, मागच्या टायरचा लोड इंडेक्स, मागच्या एक्सलची मर्यादा, व्हॉल्व्हच्या दांडीचं माप, ब्रेक ऑइल कोणतं आणि किती दिवसांनी, भरलेल्या गाडीचं थांबण्याचं अंतर आणि ॲव्हरेज. नव्या गाड्यांना कारखान्यातूनच लावा. रस्त्यावर असलेल्या गाड्यांना पुढच्या सर्व्हिसला फुकट लावून द्या, गाडी कितीही जुनी असो आणि कितव्याही मालकाकडे असो.

तुमच्या अभियंत्यांना माझं आग्रहाचं निमंत्रण आहे. टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजाराला या. गाड्या काट्यावर घ्या, टायरची हवा मोजा, खाली शिरून व्हॉल्व्हच्या दांड्या बघा. मग रात्री भरलेल्या गाडीत बसून माळशेज उतरा. माझी गाडी त्यासाठी द्यायला मी तयार आहे, आणि आमच्या भागातले आणखी मालकही देतील. मी त्यांच्याशी बोललो आहे. पावसाळ्याच्या आधी आलात तर पत्रा या हंगामात लागू शकेल.

कळावे.

आपला,
एक पिकअपमालक व चालक
आळेफाटा परिसर, ता. जुन्नर, जि. पुणे